तालिका मोबाईलवर, पुस्तक कपाटात: एका मराठी ग्रंथालयाचं प्रकरण

हे प्रकरण कोणत्याही एका संस्थेचं नाही. महाराष्ट्रातल्या तालुका पातळीवरच्या ग्रंथालयांत जी परिस्थिती वारंवार दिसते, तिचा हा नमुना आहे, आणि त्यातले आकडे हिशोब मांडण्यासाठी धरलेले आहेत. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमाखाली मान्यता असलेलं, ‘अ’ वर्गाचं तालुका ग्रंथालय. दाखल नोंदवहीत ३०,००० पुस्तकं. कर्मचारी पाच: ग्रंथपाल, सहायक ग्रंथपाल, लिपिक, निर्गम सहायक (पुस्तकांची देवघेव पाहणारा), शिपाई. अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षावाल्या मुलांची गर्दी असते, पण देवघेव काउंटरवरची वर्दळ दरवर्षी कमी होत चालली आहे. कार्यकारी मंडळाने ठराव केला: ‘सर्व पुस्तके ऑनलाइन करावीत, म्हणजे सभासद घरून शोधतील आणि मागणी नोंदवतील.’

ठराव योग्यच होता. पण त्याचा पहिला अर्थ ‘संगणक घ्या, सॉफ्टवेअर बसवा, नोंदवही टाइप करून घ्या’ असा लावला गेला. अशी तालिका, म्हणजे पुस्तकांची शोधता येणारी यादी, वेबसाइटवर चढते, उद्घाटन होतं आणि महिनाभरात वाचक ती उघडणं बंद करतात. सॉफ्टवेअर सहसा ठीक असतं. आतली अक्षरं वाचकाच्या अक्षरांशी जुळत नाहीत, हे खरं कारण.

नोंदवही टाइप करायची की पुस्तक हातात घ्यायचं

बाहेरचे टायपिंगवाले नोंदवहीवरून तासाला ६० ओळी आरामात मारतात. ३०,००० ओळी म्हणजे ५०० तास. तीन जण रोज ६ तास बसले तर महिन्याभरात काम फत्ते. म्हणूनच हा प्रस्ताव मंडळाला आवडतो.

पण दाखल नोंदवही शोधासाठी लिहिलेली नसते. ती मालमत्तेची वही आहे. तिच्यात शीर्षक आखूड केलेलं असतं, अनुवादकाचं नाव नसतं, लेखक कधी आडनावाने तर कधी टोपणनावाने येतो, आणि वीस वर्षांपूर्वी हरवलेलं पुस्तकही इमानदारीने हजर असतं. अशा वहीची तालिका झाली की वाचकाला ‘उपलब्ध’ दिसतं आणि कपाटात काही मिळत नाही. असं दोनदा झालं की वाचकाचा तालिकेवरचा विश्वास उडतो. तो परत मिळवणं पहिल्यांदा मिळवण्यापेक्षा अवघड असतं.

म्हणून आधी साठा पडताळणी आणि मग, पुस्तक हातात घेऊन, नोंद. पडताळणीनंतर ३०,००० पैकी २६,००० पुस्तकं कपाटात सापडली असं धरू. पुस्तक उघडून, शीर्षकपृष्ठ आणि त्याची मागची बाजू पाहून केलेली नोंद तासाला १५ च्या वर जात नाही. दोन जण, दिवसाला प्रत्येकी ५ निव्वळ तास, म्हणजे १५० नोंदी. २६,००० साठी सुमारे १७५ कामाचे दिवस, थोडक्यात सात महिने. मंडळाला हा आकडा आधीच, लेखी द्यावा. अर्ध्यावर सांगितला तर चौथ्या महिन्यात कोणीतरी ‘उरलेलं वहीवरून उरका’ म्हणतं.

सात महिने वाचकांना ताटकळत ठेवायचं कारण नाही. काउंटरवर परत आलेलं पुस्तक थेट कपाटात न जाता नोंदीच्या टेबलावर जातं. ज्या पुस्तकांना मागणी आहे ती आपोआप आधी तालिकेत येतात आणि दोन-तीन महिन्यांत फिरता साठा बराचसा आत येतो. कपाटवार नोंद दुसऱ्या बाजूने चालूच राहते. दोन्ही वाटा एकाच पुस्तकापाशी पोचल्या तर लेबल पाहून कळतं की ते आधीच झालं आहे.

सॉफ्टवेअर कोणतं, यावर सभेत जितका वेळ जातो तितका जायला नको. एनआयसीचं (केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचं) ई-ग्रंथालय आहे, न्यूझीलंडमधल्या एका सार्वजनिक ग्रंथालयासाठी तयार होऊन २००० साली सुरू झालेलं मुक्त स्रोत कोहा आहे. या नमुन्यात कोहा धरलं आहे. तपासायच्या गोष्टी दोनच. नोंदी मार्क २१ स्वरूपात (ग्रंथालयांच्या नोंदींचा जगभर चालणारा प्रमाण साचा) बाहेर काढता येतात का, आणि देवनागरीत शोध नीट चालतो का. पहिलीचं उत्तर ‘नाही’ असेल तर ते सॉफ्टवेअर फुकट मिळालं तरी घेऊ नये. उद्या बदलायची वेळ आली की सात महिन्यांचं काम त्यातच अडकेल.

कोहाबाबत एक खुबी. त्यातला झेब्रा हा निर्देशक (शोधासाठी शब्दांची सूची करणारा भाग) साध्या पद्धतीने बसवला तर देवनागरी शब्दांचा शोध धड चालत नाही. तो वेगवेगळ्या लिप्या ओळखणाऱ्या आयसीयू पद्धतीने बसवावा लागतो आणि नंतर सगळ्या नोंदींचं पूर्ण पुनर्निर्देशन करावं लागतं. बसवून देणाऱ्याने इंग्रजी नावं शोधून ‘चालतंय’ म्हटलं तर तिथेच थांबवावं. चाचणी जोडाक्षरं असलेल्या मराठी शीर्षकांवर घ्यावी.

अक्षरांचं दुखणं

ग्रंथालयाकडे जुन्या संगणकावर काही हजार पुस्तकांची यादी आधीच होती. अशी यादी असणं वरदान वाटतं, निम्म्या वेळा ती डोकेदुखी असते. ती श्रीलिपी, कृतिदेव किंवा शिवाजीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असते, म्हणजे फाइलमध्ये खरं तर रोमन अक्षरं आणि चिन्हं आहेत आणि फक्त तो फॉन्ट लावल्यावर मराठी दिसतं. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला संकेतांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, नेण्यासाठी परिवर्तक मिळतात, पण दोन जागी हमखास गडबड होते. पहिली वेलांटी. जुन्या फॉन्टमध्ये ती दिसते तशी, अक्षराच्या आधी टाइप केलेली असते. युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर यावी लागते, आणि जोडाक्षर असेल तर पूर्ण जोडाक्षरानंतर. दुसरा रफार. तो उलट, नंतर टाइप केलेला असतो आणि आधी न्यावा लागतो. शिवाय एकाच कंपनीच्या फॉन्टच्या दोन आवृत्त्यांत चिन्हांचा तक्ता वेगळा असू शकतो. आधी २०० ओळी बदलून डोळ्यांनी तपासाव्यात. त्यांत दहापेक्षा जास्त चुका निघाल्या तर यादी बाजूला ठेवून नव्याने टाइप करणं स्वस्त पडतं.

युनिकोडमध्ये टाइप केलं म्हणजे प्रश्न मिटला असंही नाही. पडद्यावर एकसारखं दिसणारं अक्षर आत दोन प्रकारे साठवलेलं असू शकतं, आणि संगणक तेवढंच बघतो. मराठीत याच्या चार जागा कायमच्या आहेत.

‘ऱ्हस्व’, ‘वाऱ्यावर’, ‘दुसऱ्या’ यांतला अर्धा र. काही कळफलकांवर तो ऱ या स्वतंत्र अक्षराने (संकेतांक ०९३१) आणि हलन्ताने बनतो. काहींवर साधा र, हलन्त आणि त्यापुढे झिरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं चिन्ह असं मिळून बनतो. दिसायला फरक शून्य, शोधताना मात्र दोन वेगळे शब्द. लिपिकाने एका प्रकारे टाइप केलं आणि वाचकाचा मोबाईल दुसऱ्या प्रकारे लिहीत असेल, तर पुस्तक सापडत नाही.

ॲ. याला स्वतंत्र संकेतांक ०९७२ आहे. पण अ लिहून त्यावर चंद्र (०९४५) देऊनही तसंच दिसतं. ‘ॲड.’, ‘ॲनिमल’ अशी शीर्षकं दोन गटांत विभागली जातात. ऑ चं तेच, काही लोक आ वर चंद्र देतात.

विसर्ग. ‘दुःख’, ‘अंतःकरण’ यांत निम्मे लोक विसर्गाच्या (०९०३) जागी साधा कोलन टाइप करतात. कोलन म्हणजे शब्द तुटला, आणि निर्देशक ‘दु’ आणि ‘ख’ असे दोन शब्द करून ठेवतो.

अंक. १९८४ आणि त्याचंच इंग्रजी अंकांतलं रूप. शीर्षकात अंक असतील तर दोन्ही रूपं नोंदवावीत.

युनिकोडचं ठरलेलं प्रमाणीकरण चालवलं की हे आपोआप मिटतं असा समज आहे. नाही मिटत. अ आणि चंद्र यांची जोडी ते ॲ मध्ये बदलत नाही, आणि न दिसणारं जॉइनर काढत नाही. हे बदल शोधा-बदला पद्धतीने आपणच करायचे, आणि क्रम चुकवायचा नाही. आधी ‘र, हलन्त, जॉइनर’ या तिघांच्या जागी ‘ऱ, हलन्त’ घालायचं, नंतरच बाकीची जॉइनर सरसकट काढायची. उलट केलं तर अर्ध्या र चा रफार होतो, ‘दुसऱ्या’चा र य च्या डोक्यावर जाऊन बसतो, आणि मूळ काय होतं ते शोधायला मार्ग उरत नाही. हे बदल दर आठवड्याला नव्या नोंदींवर चालवावेत. नोंद करणाऱ्या दोघांना एकच कळफलक मांडणी दिली, शक्यतो इन्स्क्रिप्ट ही भारतीय लिप्यांची प्रमाण मांडणी, तर निम्मा त्रास उगमातच कमी होतो.

एक्सेलची एक खोड इथेच सांगून ठेवलेली बरी. सॉफ्टवेअरमधून काढलेली सीएसव्ही फाइल दुहेरी क्लिकने उघडली तर मराठीचा बट्ट्याबोळ दिसतो, आणि क्रमांकांच्या सुरुवातीची शून्यं गळून पडतात. डेटा टॅबमधून फाइल आयात करावी, यूटीएफ-८ निवडावं, क्रमांकाचा रकाना ‘मजकूर’ म्हणून ठेवावा. बिघडलेली फाइल एकदा ‘सेव्ह’ केली की बिघाड कायमचा होतो.

वाचक काय टाइप करतो

वाचक शीर्षकपृष्ठ पाहून शोधत नाही. त्याच्या डोक्यात नाव असतं, ते तो मोबाईलवर जमेल तसं लिहितो: कधी मराठीत, कधी रोमन अक्षरांत, ऱ्हस्व-दीर्घाची फारशी फिकीर न करता.

जुन्या पुस्तकांत तर खुद्द शीर्षकच आजच्यासारखं नसतं. १९६२ च्या लेखननियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले. त्याआधीच्या पुस्तकांवर ‘नांव’, ‘कांहीं’, ‘येथें’ असं छापलेलं असतं. तालिकीकरणाचा नियम शीर्षक छापलं आहे तसंच घ्या असं सांगतो, आणि तो बरोबर आहे. मार्कच्या २४५ क्षेत्रात (क्षेत्र म्हणजे नोंदीतला क्रमांक दिलेला रकाना) छापील रूप घ्यावं. पण २४६ हे पर्यायी शीर्षकाचं क्षेत्र यासाठीच आहे, आणि ते पुन्हा-पुन्हा घेता येतं. त्यात आजच्या लेखनातलं रूप घालावं, आणि आणखी एकदा रोमन रूप घालावं.

रोमन रूप कोणतं, यावर ग्रंथपालांमध्ये वाद होतो. प्रमाण लिप्यंतरात अक्षरांवर आडव्या रेघा आणि खाली टिंबं असतात. ते विद्वानांसाठी ठीक आहे, पण मोबाईलवर कोणी रेघा देत बसत नाही. वाचक ‘ज्ञान’साठी डी-एन-वाय-ए-एन लिहितो. हिंदीसाठी बनवलेलं लिप्यंतर-साधन त्याचं जी-वाय-ए-एन करतं. आपोआप लिप्यंतर करणारी बरीच साधनं शब्दाच्या शेवटचा न उच्चारला जाणारा अ सुद्धा लिहितात, त्यामुळे शेवटी एक जास्तीचा ए लागतो. म्हणून साधनाने तयार केलेली रोमन रूपं जशीच्या तशी घेऊ नयेत. शेवटचा ए काढावा, ज्ञ, ळ, ण, ष यांची मराठी लोक लिहितात ती रूपं ठरवून एका पानाचा तक्ता टेबलावर चिकटवावा. प्रमाण लिप्यंतर हवं असेल तर तेही जोडीला ठेवता येतं, पण वाचकाचं रूप आधी.

मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतो, ही आणखी एक अडचण. कोहात शब्दाच्या शेवटी आपोआप छाटणीची सोय आहे. ती चालू केली की ‘मुंबई’ शोधल्यावर ‘मुंबईचा’ही सापडतं. पण सामान्यरूप बदललं की ती सोय हरते: ‘घोडा’ शोधून ‘घोड्याचा’ सापडत नाही. याला सॉफ्टवेअरमध्ये सोपं उत्तर नाही. शीर्षकातलं महत्त्वाचं नाम मूळ रूपात विषयाच्या क्षेत्रात, म्हणजे ६५० मध्ये, घातलं की वाचकाचं काम होतं. कथा-कादंबऱ्यांना हे लागू करायची गरज नाही. इतिहास, आरोग्य, शेती, कायदा, स्पर्धा परीक्षा या गटांपुरतं पुरे.

लेखकांच्या नावांसाठी मात्र काटकसर करू नये. ‘पु. ल. देशपांडे’, ‘देशपांडे पु. ल.’, ‘देशपांडे, पुरुषोत्तम लक्ष्मण’ अशा तीन नोंदी झाल्या की एकाच लेखकाची पुस्तकं तीन ठिकाणी विखुरतात. वि. वा. शिरवाडकरांच्या कविता कुसुमाग्रज या नावाने आहेत, नाटकं स्वतःच्या नावाने. विभावरी शिरूरकर म्हणजेच मालतीबाई बेडेकर. प्रत्येक लेखकाचं एक प्रमाण रूप ठरवून बाकीची रूपं त्याकडे वळवणारी अधिकृत नावांची फाइल नोंदी सुरू होण्याआधी करायची असते. कपाटावरची नेहमीची दोनेकशे नावं आधी घालून ठेवली तरी नोंद करणारा यादीतून निवडतो, स्वतःच्या मनाने टाइप करत नाही. ही फाइल नंतर करू म्हटलं की ती कधीच होत नाही. अनुवादकाला ७०० क्षेत्रात जागा द्यायला विसरू नये. अनुवादित पुस्तकांचे वाचक कितीदा तरी अनुवादकाच्या नावानेच शोधतात.

बाहेरून तयार नोंदी मिळवण्याची आशा फार धरू नये. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे मराठी पुस्तकांच्या नोंदी आहेत, पण बहुतांश रेघा-टिंबांसह रोमन लिपीत. आयएसबीएनवर, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय क्रमांकावर, विसंबणंही धोक्याचं, कारण जुन्या मराठी पुस्तकांवर तो नसतोच, आणि काही छोट्या प्रकाशकांनी एकच क्रमांक दोन पुस्तकांवर छापलेला आढळतो. जुन्या पुस्तकावर फक्त शके असेल तर त्यात ७८ मिळवावेत (वर्षाचा शेवटचा भाग जानेवारी ते मार्चमध्ये येतो, तिथे ७९), आणि काढलेलं साल चौकटी कंसात द्यावं.

वर्गीकरण बदलायचा मोह याच वेळी होतो. कपाटं ‘कादंबरी’, ‘कथा’, ‘चरित्र’ अशी घरगुती पद्धतीने लावलेली असतात आणि कोणीतरी विषयाला क्रमांक देणारी ड्युई दशांश पद्धत सुचवतं. ड्युईत मराठी साहित्य ८९१.४६ आणि मराठी कादंबरी-कथा ८९१.४६३. म्हणजे साठ्याचा सगळ्यात मोठा भाग एकाच क्रमांकाखाली जाणार आणि वाचकाला त्यातून काही नवं कळणार नाही. तालिका आणि पुनर्वर्गीकरण एकाच वेळी काढलं की दोन्ही रखडतात. आहे ती मांडणी ठेवावी आणि कपाट-खणाचा क्रमांक नोंदीत घालावा. घरून शोधून आलेल्या वाचकाला ‘कपाट ३, खण २’ जास्त उपयोगी पडतं.

लेबल

दाखल क्रमांक बदलायचा नाही, हे पहिलं. तपासणीला दाखल नोंदवही बघतात, आणि वहीतला क्रमांक, पुस्तकावरचा शिक्का आणि संगणकातली नोंद जुळली पाहिजे. पण बऱ्याच ग्रंथालयांत वह्या एकापेक्षा जास्त असतात: मुख्य, बालविभाग, भेट. तिन्ही १ पासून सुरू झालेल्या. सरळ दाखल क्रमांकाचा बारकोड केला की २३४५ क्रमांकाची तीन पुस्तकं निघतात आणि सॉफ्टवेअर दुसरं स्वीकारत नाही.

उपाय म्हणजे आठ अंकी बारकोड: पहिले दोन अंक वहीचे, पुढचे सहा दाखल क्रमांकाचे. मुख्य वही ११, बाल १२, भेट १३. मुख्य वहीतलं २३४५ म्हणजे ११००२३४५. सुरुवात शून्याने होत नसल्याने एक्सेल काही खात नाही. छापताना अंक इंग्रजी हवेत, नेहमीच्या कोड १२८ बारकोडमध्ये देवनागरी अंक बसत नाहीत. आठच का, याला कारण आहे. कोड १२८ अंक जोडीने बांधतो, म्हणून सम संख्येतले अंक दाटीने बसतात. आठ अंकांना ७९ एकक (एकक म्हणजे सगळ्यात बारीक रेघेची रुंदी) रुंदी लागते, सातांना ९०. एकक ०.३३ मिमी धरलं तर आठ अंक सुमारे २६ मिमी होतात आणि दोन्ही बाजूंची कोरी जागा धरून ३८ मिमीच्या लेबलात ऐसपैस मावतात. सात अंकांचा बारकोड कसाबसा मावतो, आणि कापताना लेबल जरा सरकलं की वाचला जात नाही.

ए४ कागदावर ३८ × २१ मिमीची ६५ लेबलं येतात. प्रत्येक पुस्तकाला दोन, एक शीर्षकपृष्ठाच्या मागे, एक मलपृष्ठावर वरच्या कोपऱ्यात. २६,००० पुस्तकांना ५२,००० लेबलं, म्हणजे ८०० कागद, वाया जाणारे धरून ८४०. छपाई लेझर प्रिंटरवर करावी. इंकजेटची शाई घामट बोटांनी पसरते, आणि साध्या थर्मल रोलवरचे बारकोड काही वर्षांत फिके पडतात. बाहेरच्या लेबलावर पारदर्शक पट्टी लावावी.

लेबलं दाखल क्रमांकाने छापली आणि पुस्तकं कपाटात विषयवार असली, की प्रत्येक पुस्तकासाठी शेकडो कागदांतून एक लेबल शोधत बसावं लागतं. या एका गोष्टीत दिवसचे दिवस जातात. म्हणून लेबलं आगाऊ छापू नयेत. त्या दिवशी नोंदलेल्या १५० पुस्तकांची लेबलं त्याच संध्याकाळी, नोंदीच्या क्रमाने छापावीत. पुस्तकं टेबलावर त्याच क्रमाने रचलेली असतात, शिपाई वरून खाली लावत जातो. लावल्यावर लगेच स्कॅन करून पडद्यावरचं शीर्षक आणि हातातलं पुस्तक जुळतंय ना ते बघायचं. एक लेबल सरकलं की त्यापुढची सगळी चुकतात.

बाद करायची पुस्तकं याच फेरीत वेगळी निघतात. वाळवी लागलेलं, पानं गेलेलं, कालबाह्य मार्गदर्शक. ती परस्पर रद्दीत घालू नयेत. यादी, मंडळाचा ठराव, नोंदवहीत ठराव क्रमांक आणि तारीख, हे सगळं झाल्यावरच. तो दाखल क्रमांक पुन्हा वापरायचा नाही.

काउंटर

स्कॅनर संगणकाच्या दृष्टीने एक कळफलकच असतो. काउंटरवरच्या संगणकावर मराठी मांडणी चालू असताना स्कॅन केलं तर अंक देवनागरीत उमटू शकतात आणि ‘असे पुस्तक नाही’ असा संदेश येतो. कर्मचारी पुस्तकाला किंवा लेबलाला दोष देतात. काउंटरचा संगणक कायम इंग्रजी मांडणीवर ठेवावा आणि नोंदी दुसऱ्या संगणकावर कराव्यात.

वीज किंवा इंटरनेट गेल्यावर देवघेव थांबवायची नसते. एक छापील पुस्तिका: वेळ, सभासद क्रमांक, बारकोड, दिलं की आलं. नंतर भरताना ओळी वेळेच्या क्रमानेच भराव्यात. आधी सगळं ‘दिलं’ आणि मग सगळं ‘आलं’ असं भरलं, तर सकाळी परत येऊन दुपारी दुसऱ्याला गेलेलं पुस्तक संगणकात कपाटावर दिसतं.

मागणी नोंदवण्याची सोय पहिल्या दिवसापासून उघडू नये. आधी महिनाभर फक्त शोध. त्या काळात ‘उपलब्ध’ दाखवून न सापडलेली पुस्तकं टिपावीत. दोन वेगवेगळ्या दिवशी, दोन वेगळ्या माणसांनी शोधून न मिळालेलं पुस्तक ‘गहाळ’ करून वाचकांच्या तालिकेतून लपवायचं. सॉफ्टवेअरमध्ये तशी सोय असते. मग मागणी सुरू करावी: पुस्तक काढून राखीव खणात, वाचकाच्या सभासद क्रमांकाची चिठ्ठी लावून, तीन कामकाजाचे दिवस. चिठ्ठीवर नाव लिहू नये, कोण काय वाचतो हे शेजाऱ्याला दिसायचं कारण नाही.

निरोप कसा द्यायचा, हे ठरवताना बरेच जण अडतात. ठोक एसएमएस पाठवायला ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) नियमांनुसार डीएलटी नोंदणी, म्हणजे संदेश पाठवणाऱ्या संस्थांची नोंदणी, लागते, संस्थेचं शीर्ष (पाठवणारा म्हणून दिसणारं नाव) आणि संदेशाचा नमुना दोन्ही मंजूर व्हावे लागतात, आणि त्याला वेळ जातो. अर्ज प्रकल्पाच्या सुरुवातीलाच टाकावा. व्हॉट्सॲपचा गट करणं सोपं, पण त्यात प्रत्येक सभासदाचा नंबर सगळ्यांना दिसतो. ते टाळावं. ब्रॉडकास्ट यादीत २५६ नंबरांची मर्यादा आहे, आणि ज्याने ग्रंथालयाचा नंबर आपल्या फोनमध्ये साठवलेला नाही त्याला संदेश पोचतच नाही. सुरुवातीला दिवसाला पाच-दहा मागण्या असतात. तेवढ्यांना निर्गम सहायकाने सरळ फोन करावा, लोकांना ते आवडतं. संदेशासाठीची संमती सभासद अर्जावर वेगळ्या ओळीत घ्यावी, २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा आता आहे.

याच सुमारास कोणीतरी ‘सगळी पुस्तकं स्कॅन करून पीडीएफ टाका’ असं सुचवतं. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो, तेव्हा कपाटातल्या बहुतेक पुस्तकांबाबत हे बेकायदा ठरेल. विषय तिथेच मिटवावा.

सुरू झाल्यानंतर

तालिका उघडल्यावर सगळ्यात उपयोगी कागद म्हणजे वाचकांनी काय शोधलं त्याची यादी. कोहात शोधाचे शब्द वेब सर्व्हरच्या नोंदवहीत पत्त्याचा भाग म्हणून साठतात, सांकेतिक रूपात. ते उलगडून आठवड्याचे वेगवेगळे शोध काढावेत, त्यांतले आयपी पत्ते पुसून टाकावेत, आणि शंभरेक शोध स्वतः पुन्हा करून पाहावेत. जे शून्यावर येतात त्यांचे ढोबळ तीन ढीग पडतात. पुस्तक आहे पण अक्षर जुळत नाही: २४६ मध्ये ते रूप घालायचं. पुस्तक आहे पण नोंद झालेली नाही: त्याचं कपाट पुढच्या आठवड्यात आधी घ्यायचं. पुस्तकच नाही: ती खरेदीची यादी. ग्रंथनिवड समितीपुढे हा तिसरा ढीग ठेवला की प्रकाशकांच्या सवलतींच्या याद्यांपेक्षा वेगळी चर्चा होते.

बॅकअप रोज रात्री घ्यायचा, एक प्रत त्याच इमारतीत, एक बाहेर. आणि तीन महिन्यांतून एकदा तो दुसऱ्या संगणकावर प्रत्यक्ष उघडून पाहायचा. चुकीच्या अक्षरसंचात घेतलेल्या बॅकअपची फाइल आकाराने ठीक दिसते, रोज वेळेवर तयार होते, आणि उघडल्यावर प्रत्येक शीर्षकाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग असते. तपासताना पुन्हा तेच शब्द घ्यावेत: ‘दुसऱ्या’, ‘दुःख’, ‘ॲड.’, ‘ज्ञान’. हे चार जसेच्या तसे परत आले तर बाकीचं बहुधा ठीक असतं.

दाखल नोंदवही मात्र हातानेच लिहिणं चालू ठेवावं. नवं पुस्तक आधी वहीत, मग संगणकात, त्याच दिवशी. आठवडाभराचं साठवून भरायचं ठरवलं की वहीतला आणि संगणकातला शेवटचा क्रमांक जुळेनासा होतो, आणि मार्चअखेरीला तो जुळवत बसावं लागतं.